कुंपणाचा गुलाब : वैद्याच्या अंगणातील शतपत्री

वैद्याच्या घरी गुलकंदाची बरणी नाही, असे सहसा होत नाही. मुखपाक, हातापायांचा दाह, उन्हाळ्यातील मलावरोध, गर्भिणीचे अम्लोद्गार अशा कितीतरी प्रसंगी ती बरणी उघडली जाते. मात्र त्या बरणीतील पाकळी कोणत्या झुडपावर, कोणत्या मातीत आणि कोणाच्या देखरेखीखाली फुलली हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हीही व्यवसायाची पहिली कित्येक वर्षे तो विचारला नव्हता.

एका फेब्रुवारीत घरचा गुलकंद संपला म्हणून आम्ही नेहमीप्रमाणे पहाटे घाऊक फूलबाजारात गेलो. पाच किलो सुटी फुले मागितली. वयस्क विक्रेत्याने सहज विचारले, "लग्न आहे का घरी?" आम्ही म्हणालो, "नाही, गुलकंद घालायचा आहे." त्याने हातातला तराजू खाली ठेवला आणि आवाज उतरवून सांगितले, "डॉक्टरसाहेब, ही फुलं वाहायची आहेत, खायची नाहीत. परवाच फवारा मारलाय." त्या माणसाने स्वतःचा धंदा बुडवून आम्हास सत्य सांगितले, याचे ऋण आम्ही मानतो. त्याच बाजारातील फुलांचा गुलकंद त्यापूर्वी तीन वर्षे आम्ही रुग्णांना दिला होता, त्यांत गर्भिणीही होत्या आणि लहान मुलेही. त्याने कोणास अपाय झाल्याची नोंद आमच्या रुग्णपत्रकांत नाही. परंतु नोंद नाही म्हणून अपाय झालाच नाही, असे म्हणण्याचे धाडस आम्हास होत नाही. घरी येऊन शिल्लक राहिलेली अर्धी बरणी परसात खड्डा करून पुरली आणि त्या वर्षी गुलकंद घातला नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा अध्याय आहे. पदवीच्या परीक्षेसाठी आपण सर्वांनी तो पाठ केला आहे. औषधी घ्यावयाची ती कशी असावी हे सांगताना आचार्य म्हणतात, की कीड, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी, दाटी आणि रस्ता यांनी ती बिघडलेली नसावी. विद्यार्थिदशेत यांतील 'विष' शब्दाने डोळ्यांपुढे सर्प येत असे. आता फवारणीचा पंप येतो. 'रस्ता' आणि 'दाटी' या दोन शब्दांचा अर्थ तर आम्हास कुंपण लावल्यानंतरच कळला. ते पुढे येईलच.

शतपत्री कोणती?

भावमिश्रांनी भावप्रकाश निघंटूच्या पुष्पवर्गात शतपत्री, तरुणी, कर्णिका, चारुकेसरा, गंधाढ्या, लाक्षापुष्पा असे पर्याय दिले आहेत. शीत, लघु, हृद्य, ग्राही, शुक्रल, वर्ण्य, पाचन आणि त्रिदोष व रक्त यांवर काम करणारी असे तिचे गुण वर्णिले आहेत. आजच्या द्रव्यगुणाच्या पुस्तकांत हिचे शास्त्रीय नाव रोझा सेंटिफोलिया असे दिलेले आढळते. व्यवहारात मात्र उत्तर भारतात अत्तर, गुलाबजल व गुलकंद यांसाठी लागवड होते ती प्रामुख्याने रोझा डॅमॅसेना या जातीची. कनौज, अलीगढ, हसायन, पुष्कर, हळदीघाटी हे सगळे प्रदेश तिचे. राजस्थानात तिला चैती गुलाब म्हणतात, कारण ती वर्षातून एकदाच, चैत्राच्या सुमारास तीन-चार आठवडे फुलते.

भावमिश्र सोळाव्या शतकातले. बाजारात आज लांब दांड्याचा, मोठ्या टोकदार कळीचा जो गुलाब मिळतो तो हायब्रीड टी वर्गातील. या वर्गातील पहिला मानला जाणारा 'ला फ्रान्स' हा वाण फ्रान्समध्ये १८६७ साली पुढे आला. म्हणजे भावमिश्रांनी ज्या फुलाचे गुण लिहिले ते हे फूल नव्हे, हे सांगावयास वनस्पतिशास्त्रज्ञ नको. हरितगृहातील गुलाबाची निवड पैदासकारांनी फुलदाणीत तो किती दिवस टिकतो, दांडा किती सरळ आहे आणि पेटीतून प्रवास किती सोसतो यांवर केली. गंध या निकषांत मागे पडला. ज्या द्रव्याचे पर्यायनामच 'गंधाढ्या' आहे, त्याच्या नावाखाली निर्गंध पाकळ्या साखरेत घालणे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणे होय.

मग महाराष्ट्रातील वैद्याने आपल्या दारी काय लावावे? आमचा पहिला विचार अर्थातच डॅमॅसेनाचा होता. लखनौच्या सीमॅप संस्थेने तिचे 'नूरजहाँ' व 'राणीसाहिबा', तर पालमपूरच्या आयएचबीटी संस्थेने 'ज्वाला' व 'हिमरोज' हे वाण दिले आहेत. (गुलाबाच्या अत्तराचा शोध लोक नूरजहाँच्या नावावर सांगतात. खुद्द जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचे श्रेय तिच्या आईस दिले आहे!) परंतु भरघोस फुलण्यासाठी या जातीला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. आमच्या सातारा भागात आम्ही तिची चार झाडे लावून पाहिली. पाने उत्तम आली, काटे त्याहून उत्तम आले. फुले तीन वर्षांत मोजून ओंजळभर मिळाली.

आमच्या कुंपणास जो गुलाब शेवटी मानवला तो आपल्याकडचा जुना एडवर्ड गुलाब, ज्यास कित्येक जण नुसते गावठी गुलाब म्हणतात. याचे शास्त्रीय नाव रोझा बोरबोनियाना. याची जन्मकथा या लेखाच्या विषयाशी इतकी जुळणारी आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियाँ नावाचे बेट आहे, त्याचे जुने नाव बूर्बों. तेथील शेतकरी शेतांना गुलाबाचेच कुंपण करीत. एका ओळीत चायना गुलाब, तर दुसरीत वर्षातून दोनदा फुलणारा डॅमॅस्क. १८१७ च्या सुमारास ब्रेआँ नावाचे फ्रेंच उद्यानतज्ज्ञ त्या बेटावर आले. या कुंपणांतून आपोआप उगवलेले, दोन्हींपेक्षा वेगळे असे एक झुडूप तेथे होते. त्यांनी त्याचे बी फ्रान्सला पाठविले आणि पुढे बोरबोन गुलाबांचा सारा वंश वाढला. म्हणजे हा गुलाब जन्मानेच कुंपणाचा. डॅमॅस्ककडून त्याने दाट गंध घेतला आणि चायनाकडून बारमाही फुलण्याचा व उष्णता सोसण्याचा स्वभाव. तमिळनाडूत यालाच पन्नीर रोजा म्हणतात. पन्नीर म्हणजे तेथे गुलाबजल.

येथे कोणी आक्षेप घेईल, की हायब्रीड टी भावमिश्रांनी पाहिला नाही म्हणून तो नको, तर हा एडवर्ड तरी त्यांनी कोठे पाहिला होता? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की याच्या अंगी निम्मे रक्त डॅमॅस्कचे आहे, गंध व चव त्या जातीची आठवण देतात, आणि दक्षिणेत गुलकंदासाठी त्याचा उपयोग रूढ आहे. प्रतिनिधिद्रव्य म्हणून तो आम्हास मान्य आहे. खरी डॅमॅसेना ज्याच्या दारी फुलते, त्याने मात्र एडवर्डकडे वळण्याचे कारण नाही.

लावणीतील आमच्या चुका

पहिली चूक रोपांची. एका रोपवाटिकेतून आम्ही 'गावठी' म्हणून पंचवीस रोपे आणली. ती डोळा भरलेली होती हे आमच्या ध्यानात आले नाही. दोन वर्षांत खुंटाचे फुटवे एवढे बळावले की वरचा गुलाब गुदमरून गेला, आणि अर्ध्या कुंपणावर भलतीच, लहान व वासहीन फुले दिसू लागली. खुंटाचा फुटवा ओळखण्यासाठी 'पाच पाने गुलाब, सात पाने जंगली' हा आडाखा सर्वत्र सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण डॅमॅस्क वंशातील गुलाबांनाही सात पर्णिका येतात. फुटवा कोठून निघाला ते माती उकरून पाहावे. डोळ्याच्या खालून असेल तर तो कापू नये, मुळाशी हिसडून काढावा, कारण कापल्यास तेथून दोन येतात.

कुंपणासाठी स्वमूळ रोपच हवे, म्हणजे छाट कलमाने केलेले. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या, एका वर्षाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे वीतभर तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या किंचित वर व तिरपा. दोनतृतीयांश भाग वाळूमिश्रित मातीत पुरावा आणि सावलीत ओलावा राखावा. दोन-अडीच महिन्यांत मुळे धरतात. सगळीच धरतात असे नाही, म्हणून हव्या त्याच्या दुप्पट लावावीत. स्वमूळ झुडपाची सोय अशी, की ते जमिनीपासून तुटले, जळाले किंवा शेजारच्या शेळीने खाल्ले तरी खालून येतो तो तोच गुलाब असतो.

दुसरी चूक जागेची. आमचे आवार रस्त्याला लागून आहे. कुंपण म्हणजे रस्त्याच्या कडेला, हे गृहीत धरून आम्ही पहिली ओळ तेथेच लावली. वाहनांची धूळ व धूर बसून पाकळ्यांवर काळपट थर येई, आणि धुतल्यास पाकळी भिजून गुलकंद बिघडे. तेव्हा सुश्रुताचार्यांच्या 'मार्ग' शब्दाची आठवण झाली. आता रस्त्याकडील बाजूस मेंदी आहे. गुलाबाचे कुंपण चिकित्सालय आणि परसबाग यांच्यामध्ये, पूर्वेचे ऊन पहिल्या प्रहरापासून मिळेल असे आहे. दिवसातून निदान सहा तास ऊन नसेल तेथे गुलाब लावूच नये.

तिसरी चूक दाटीची. कुंपण लवकर गर्द व्हावे म्हणून दीड-दीड फुटावर रोपे लावली. पहिल्या पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांच्या रोगाने सारी पाने गळाली, कारण आत वारा शिरत नव्हता. हल्लीची साठ फुटांची ओळ अडीच फुटांवर चोवीस झुडपांची आहे आणि दोन वर्षांत ती पुरेशी भरली. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात निम्मे चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. जमीन काळी, पाणी धरणारी असल्यास सपाट लावू नये. फूटभर उंच वरंबा करून त्यावर लावावे. गुलाबाच्या मुळांना ओल हवी, पण पाण्यात उभे राहणे त्यांना सोसत नाही.

छाटणी व वाकवणी

पावसाळा सरला की सप्टेंबरअखेर दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. दसऱ्याच्या सुमारास छाटणी करावी. वाळलेल्या, रोगट व आत शिरणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात, उरलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा छाटावा. प्रदर्शनाच्या गुलाबाप्रमाणे गुडघ्याएवढे ठेवू नये, कारण आपणास कुंपण हवे आहे. प्रत्येक कापास त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे व पाणी एकूण एक लिटर ठेवावे. लोखंडी भांडे वापरू नये. हे मलम न लावल्यास काप वरून काळा पडत खाली उतरतो. त्यास शेंडेमर म्हणतात, आणि एका फांदीने सुरू होऊन ती झुडूप घेऊन जाते. छाटणीनंतर प्रत्येकी एक पाटी शेणखत देऊन पाणी सुरू करावे. सहा-सात आठवड्यांत बहर येतो.

एडवर्डच्या लांब सरळ फांद्यांना फूल केवळ टोकास येते, आणि कुंपण खाली उघडे, वर झुपकेदार असे विद्रूप दिसते. यावर एक सोपा उपाय आहे. अशी फांदी कापू नये. हळूहळू वाकवून आडव्या बांबूस सुतळीने बांधावी. शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवीत असतो. फांदी आडवी झाली की तो अंमल ढिला पडतो, तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक डोळा फुटतो व त्यास फूल येते. आमच्या कुंपणाची फुले या एका युक्तीने जेवढी वाढली तेवढी कोणत्याही खताने वाढली नाहीत. हातमोजे मात्र चामड्याचे घालावेत.

उन्हाळ्यात बुडाशी उसाच्या पाचटाचे आच्छादन आम्ही करतो. वाळवीचा त्रास असेल तेथे ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. ठिबक असल्यास उत्तमच.

विषाचा प्रश्न

ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप केला तेथेच पाय घसरण्याचा संभव अधिक. मावा दिसला की हात औषधाच्या डब्याकडे जातो. आमचा नियम असा आहे, की छाटणीपासून कळी दिसेपर्यंत गरज पडल्यास निंबोळी अर्क फवारावा. ५० ग्रॅम निंबोळीचे भरड चूर्ण एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण घालावा. कळी दिसल्यानंतर फक्त पाणी. मावा व लाल कोळी हे दोन्ही पानांच्या मागील बाजूस जोराच्या पाण्याने धुतले तर बरेच आटोक्यात येतात. डिसेंबरात भुरी येते, ती पाने तोडून जाळावी. जूनमध्ये वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री पाने खातात. ते कंदील घेऊन हाताने वेचावे लागतात, आणि हे काम आमची मुले आनंदाने करतात. पावसाळ्यात काळे ठिपके हटकून येतात. त्या काळात आम्ही औषधासाठी फूल घेतच नाही, ती सारी फुले देवाला जातात. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील कुणपजल काही वैद्यमित्र आवडीने वापरतात. मुळाशी द्यावे, हरकत नाही. मांस-वसा कुजवून केलेले ते द्रव फुलांवर मात्र शिंपडू नये, एवढी विनंती.

काही फुले किडतात, काही वाया जातात. चोवीस झुडपांपासून आमच्या चिकित्सालयापुरताच गुलकंद होतो, विक्रीपुरता नाही.

फूल तोडणे आणि बरणी

चरकाचार्यांनी कल्पस्थानात फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत असे सांगितले आहे. गुलाबाच्या बाबतीत ऋतूइतकाच प्रहरही महत्त्वाचा. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढू लागले की त्यातील तैलांश उडू लागतो. मुळात तो असतो किती? एक किलो तेलास साधारण तीन ते पाच टन फुले लागतात. त्यातील तास-दोन तासांचा उशीर हे मोठेच नुकसान. म्हणून अर्धवट उमललेले फूल सूर्योदयाच्या सुमारास तोडावे. पाकळ्या सुट्या करून, देठाकडील पांढरट कडू टोक काढून, सावलीत स्वच्छ कापडावर दवाचा ओलावा जाईपर्यंत पसराव्यात. एक किलो पाकळ्यांस चार-पाचशे फुले सहज लागतात. एका दिवशी एवढी मिळत नाहीत, म्हणून रोजच्या पाकळ्या रोज खडीसाखरेच्या चुऱ्यात थर देऊन काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत घालीत जावे.

प्रमाण पाकळ्यांच्या दुप्पट खडीसाखर. समभाग घालणारेही आहेत, पण साखर कमी पडल्यास पाकळीतील पाण्याने पाक पातळ होतो आणि तो आंबतो. बरणीच्या तोंडास कापड बांधून तीन-चार आठवडे उन्हात ठेवावी, लाकडी चमच्याने एक दिवसाआड हलवावी. डिसेंबर ते मार्च हा याचा काळ. नाव फारसी असले तरी त्यातील 'कंद' हा आपल्या 'खंड' शब्दाचाच प्रवासी आहे, म्हणजे गुलाब परका वाटला तरी साखर घरचीच.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. शतपत्री ग्राही, मग गुलकंद सारक कसा? आमचे मत असे, की पाकळीचा तिक्त-कषाय रस ग्राही खराच. केवळ वाळलेल्या पाकळ्यांचे चूर्ण आम्ही पित्तज अतिसारात देतो आणि त्याने मल बांधतो. गुलकंदात मात्र दुप्पट शर्करेचा स्निग्ध, सर गुण वरचढ होतो. त्यामुळे कल्पनेनुसार कर्म बदलते, निघंटू चुकत नाही. याच शर्करेमुळे मधुमेही रुग्णास गुलकंद 'थंड असतो' म्हणून देऊ नये. त्यांच्यासाठी त्याच कुंपणाच्या वाळलेल्या पाकळ्यांचा फांट आम्ही वापरतो. इतरांस मात्रा १० ते २० ग्रॅम, दाहप्रधान रुग्णास प्रवाळपिष्टीसह.

पहिली बरणी भरली तेव्हा त्या फूलविक्रेत्यास नेऊन दाखवली. त्याने झाकण काढून वास घेतला आणि घरी नातवासाठी थोडा मागून घेतला.

यंदाची छाटणी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आहे. ज्या वैद्यबंधु-भगिनींना कलमे हवी असतील त्यांनी त्या आठवड्यात सकाळी यावे. काड्या तासाभरात सुकू लागतात, म्हणून येताना एक ओले गोणपाट अवश्य आणावे.